२२ फुटांचं चिलट

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या रविवारी नातवानं विचारलं, "आबा, तुम्ही ज्या विमानाचं काम करायचात, ते केवढं होतं?" तोंडानं सांगून त्याला पटेना. मग टेप घेतली, रांगोळीचा डबा घेतला आणि अंगणात रेघा ओढल्या. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत २२ फूट. नाकापासून शेपटीपर्यंत २९ फुटांच्या आत. आपल्या सातारा स्टँडवर उभी असते ना, ती एसटीची लाल गाडी याच्याहून लांब. नातू रेघांकडे बघत म्हणाला, "एवढंच?"

एवढंच. त्याचं नाव नॅट, म्हणजे आपलं चिलट.

आपल्या जिल्ह्यात फौजेचं अप्रूप कुणाला नाही. घरटी एक माणूस पलटणीत, म्हणून अपशिंग्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. मी मात्र हवाई दलात इंजिन फिटर झालो. सुट्टीवर गावी आलो की म्हातारी माणसं विचारायची, "कुठली पलटण रं?" पलटण नाही, स्क्वाड्रन आहे, असं सांगितलं की त्यांचा चेहरा पडायचा.

तर हे चिलट काढलं टेडी पेटर या इंग्रज डिझायनरनं. कॅनबेरा हे बॉम्बर विमानही त्याच्याच डोक्यातलं. दर नवं लढाऊ विमान आधीच्यापेक्षा जड आणि महाग होत चाललं होतं, अंगापेक्षा बोंगा मोठा. ते त्याला खटकत होतं. फॉलंड कंपनीत आल्यावर त्यानं उलटा हिशेब मांडला: काय काय काढून टाकता येईल? १८ जुलै १९५५ला नॅट पहिल्यांदा उडालं. चाकं पंखात न घेता पोटात घेतली, त्यामुळे पंख पातळ राहिले. हवेत वेग कमी करायला वेगळा एअरब्रेक नाही. चाकं आणि त्यांची झाकणं अर्धवट खाली सोडली की तोच ब्रेक. ३० मिलिमीटरच्या दोन तोफा, हवा आत घेणाऱ्या दोन तोंडांच्या कडेला एकेक. रिकाम्या विमानाचं वजन जेमतेम २,१७५ किलो आणि ऑर्फियस इंजिनाचा रेटा जवळपास तेवढाच. वर चढताना ते दगडासारखं नाही, गोफणीतून सुटल्यासारखं जायचं.

खुद्द ब्रिटिश हवाई दलानं हे लढाऊ विमान म्हणून घेतलंच नाही. त्यांनी दोन आसनांचं शिकाऊ नॅट घेतलं. रेड अ‍ॅरोज हा त्यांचा कसरती संघ १९७९पर्यंत त्यावरच उडत होता. लढाईसाठी त्याच्यावर भरवसा टाकला तो आपण. १९५६मध्ये परवाना घेतला आणि बंगळूरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात ते बनू लागलं.

आता फिटरची बाजू ऐका. इंजिनाच्या पॅनेलपर्यंत जमिनीवर उभं राहून हात पोचायचा, ही मोठी सोय. पण हात आत गेला की पुढे जागाच नाही. एक नट सोडवायला तीन वस्तू बाजूला करायच्या, नट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार, म्हणजे लॉकवायर, आरशात बघून पिळायची, आणि बाहेर येताना बोटांची सालटं आतच राहायची. एकदा काम संपल्यावर हत्यारं मोजली तर तो छोटा आरसा कमी. आरसा सापडल्याशिवाय विमान हलणार नाही. तीन तास टॉर्च घेऊन पोटात शोधत होतो. शेवटी तो एका सोबत्याकडे निघाला; मिशी बघायला नेला होता!

पायलटांना याहून मोठा त्रास. तोफा ऐन वेळी अडकायच्या. शेपटीचं नियंत्रण करणारं हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा, बिघडलं, की विमान आवरणं भल्याभल्यांना जड जायचं. एवढ्याशा जागेत सगळं कोंबल्याची किंमत ती.

३ सप्टेंबर १९६५ या एकाच दिवसाच्या दोन गोष्टी आहेत. त्या दिवशी नॅटमधून सेबर हे पाकिस्तानचं लढाऊ विमान पाडल्याबद्दल आपले पायलट ट्रेव्हर कीलर यांना वीरचक्र मिळालं. पाकिस्तान म्हणतं, ते सेबर मोडकं का होईना, परत पोचलं. दुसरी गोष्ट आपल्याकडे कमी सांगतात, म्हणून मुद्दाम सांगतो. त्याच दिवशी आपलं एक नॅट पाकिस्तानात पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं आणि पायलट कैद झाला. ते विमान कराचीच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे.

१९७१ला मात्र बोलायला जागा ठेवली नाही. २२ नोव्हेंबरला पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बोयऱ्यावर, युद्ध जाहीर व्हायच्या आधीच, चार नॅट सेबरांवर तुटून पडले. त्या दिवशी पकडलेला एक पाकिस्तानी पायलट, परवेझ मेहदी कुरेशी, पुढे त्यांच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. आणि १४ डिसेंबरला श्रीनगरवर सहा सेबर आले, तेव्हा निर्मलजीत सिंग सेखों बॉम्ब पडत असलेल्या धावपट्टीवरून नॅट घेऊन उडाले. ते परतले नाहीत. हवाई दलाला मिळालेलं परमवीर चक्र तेवढं एकच.

पुढे एचएएलनं नॅट सुधारून अजीत काढलं. पंखाखालच्या टाक्यांतलं इंधन पंखात नेलं, त्यामुळे पंखाखाली बॉम्ब-रॉकेटांना जागा झाली. १९९१ला अजीतही निवृत्त झालं. हात घालायला जागा मात्र त्यातही नव्हती.

नमस्कार.