एका चादरीच्या सहा पिशव्या

दुपारचे दोन वाजलेत, डोंबिवलीतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत जमिनीवर एक चादर पसरलीय. सिंगल बेडची, सुती, ६० बाय ९० इंच. निळी फुलं होती त्यावर, आता पार पुसट झालीयत. आई गुडघ्यावर बसून खडूने रेघा मारतेय. आज या चादरीच्या भाजीच्या पिशव्या होणार.

आईचा हिशोब ऐकाच, मला तो भारी आवडतो. १७ इंच रुंद आणि ३८ इंच लांब असा एक अखंड तुकडा घ्यायचा, मधे दुमडला की झाली पिशवी, खाली जोडच नाही म्हणजे तळ उसवायची भीती नाही. असे रुंदीत तीन आणि लांबीत दोन, एकूण सहा तुकडे बसतात आणि कडेच्या उरलेल्या पट्ट्यांतून ४ इंच रुंद, २४ इंच लांब असे बारा बंद निघतात. प्रत्येक पिशवीला दोन. चादर मधे विरली असेल तर तेवढा भाग सोडून द्यायचा, मग चारच होतील, होऊ देत. आणि जुन्या कापडाचा मोठा फायदा म्हणजे ते इतक्या वेळा धुतलेलं असतं की आटायचं तेवढं आटून झालेलं असतं, नवं सुती कापड न भिजवता शिवलं तर पहिल्याच धुण्यात पिशवी आखडते.

हा आवाज आईच्या पायमशीनचा. सुई १६ नंबरची लावलीय, कारण पुढे जाड थर येणारेत. आधी सुलट बाजूने पाव इंचावर टीप, मग पिशवी उलटी करून परत टीप, म्हणजे कापडाची कच्ची कड आतल्या आत बंद होते आणि दोरे सुटत नाहीत. तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणी धरून त्यावर आडवी टीप मारली की पिशवी ओट्यावर नीट बसते.

आता बंद, इथे जरा थांबूया. मी शिवलेली पहिली पिशवी दिसायला छान होती, पण बंदाला मी एकच सरळ टीप मारली होती आणि तीन किलो कांदे घेऊन स्टेशनच्या पुलावरून उतरताना तो उपटून आला, कांदे सगळे जिन्यावरून खाली, लोक पळत ट्रेन पकडतायत आणि मी पायांमधून कांदे गोळा करतेय. घरी आल्यावर आईने पिशवी हातात घेतली आणि म्हणाली, "अगं, ओझं कापडावर नसतं, बंदाच्या टोकावर असतं." तेव्हापासून हे असं. बंद चारपदरी दुमडून इंचभर रुंद करायचा, त्याचं टोक पिशवीच्या तोंडाच्या दुमडीच्या आत घालायचं, त्यावर चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली. बघा जवळून. प्रत्येक बंदाला असे दोन चौकोन. ही पिशवी आता पाच किलो बटाटे आरामात नेते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तेव्हा पाणी तुंबायच्या कारणांत गटारांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्याही होत्या. आमच्याकडे कापडी पिशवीचा आग्रह तेव्हापासूनचा. २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, पहिल्यांदा पकडलं तर ५ हजार दंड, आणि मग काही दिवस भाजीवाले खरंच विचारायचे, ताई पिशवी आणलीय ना?

पण दुकानात जी कापडासारखी दिसणारी, ठिपक्याठिपक्यांची पिशवी मिळते ना, ती कापड नाहीये, ती पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच, इस्त्री टेकवली तर वितळते. आणि नवी सुती पिशवी विकत घेणं हेही वाटतं तितकं साधं नाही. कापूस पिकवायला पाणी, खत, फवारणी सगळंच लागतं, डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये हिशोब केला तर प्लास्टिकच्या साध्या पिशवीच्या बरोबरीला यायला साधी सुती पिशवी फक्त हवामानाचा परिणाम धरला तरी ५२ वेळा वापरावी लागते आणि सगळे परिणाम धरले तर ७१०० वेळा. म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते की पिशवीसाठी कापड आणायला जाऊच नका, आधी कपाट उघडा. चादर, पडदा, बाबांची जुनी पँट, काहीही चालेल.

सहावी पिशवी झालीय. आई दोरे कापतेय. यातली एक दाराजवळच्या खिळ्यावर, किल्लीच्या शेजारी लटकणार, कारण घरी विसरलेल्या पिशवीचा काय उपयोग? एक माझ्या ऑफिसच्या बॅगेत, एक वरच्या मजल्यावरच्या काकूंना.

संध्याकाळी सहा वाजता आई चप्पल घालते, खिळ्यावरची पिशवी काढते. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापुढे तोंड उघडून धरते. आधी बटाटे, मग टोमॅटो, वरती मेथीची जुडी, पानं बाहेर डोकावतायत.