चिठ्ठी पदरात पडते तेव्हा

बंधू-भगिनींनो, आपल्या मंडळीत एक वाक्य नेहमी ऐकू येतं: सृष्टी एकतर देवाने निर्माण केली, नाहीतर ती योगायोगाने झाली. कॉलेजात जाणारी आपली मुलं हे ऐकतात, वर्गात उत्क्रांती शिकतात आणि घरी येऊन गप्प बसतात. मला ही निवडच खोटी वाटते. योगायोग हा देवाचा प्रतिस्पर्धी नाही.

जीवशास्त्राचा दावा मुळात मर्यादित आहे. जनुकांतले बदल त्या जिवाची गरज पाहून होत नाहीत, एवढंच. विश्वाला हेतू नाही हा निष्कर्ष फ्रेंच शास्त्रज्ञ जाक मोनो यांनी १९७० साली मांडला, पण ते त्यांचं तत्त्वज्ञान होतं. प्रयोगशाळेत ते सिद्ध होत नाही.

आता आपल्या शिवारात या. उसाला तुरा आला की आपण धास्तावतो, साखरेचा उतारा घटतो म्हणून. आपण लावतो ती कांडी, त्यामुळे सगळा फड एकसारखा. पण कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत तुऱ्याचीच वाट पाहतात. दोन जातींचा संकर करून बी धरतात. त्यातून हजारो रोपं उगवतात आणि एकासारखं दुसरं नसतं. कुठल्या रोपात कोणता गुण उतरेल, हे पैदासकाराच्या हातात नसतं. आपल्या फडातला ८६०३२ हा उसाचा वाण असाच आला. तो हेतूशिवाय आला, असं करवीरचा कुठला शेतकरी म्हणेल?

पवित्र शास्त्रालाही चिठ्ठ्यांचं वावडं नाही. चिठ्ठी पदरात पडते, निर्णय परमेश्वराचा असतो, असं नीतिसूत्रांच्या १६व्या अध्यायात आहे. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली. आणि तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी स्पष्ट लिहिलं की ईश्वरी नियोजनामुळे जगातला योगायोग नाहीसा होत नाही.

पण उसाचा दाखला इथे लंगडा पडतो, हे मी लपवणार नाही. पैदासकार हजारो रोपं फेकून देतो. त्या फेकलेल्यांचं काय? डार्विनला हेच डाचत होतं. अमेरिकेतले त्याचे मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे श्रद्धावान ख्रिस्ती आणि उत्क्रांतीचे समर्थकही. १८६० साली डार्विनने त्यांना लिहिलं: जिवंत अळीला आतून खाणारी गांधीलमाशी दयाळू देवाने मुद्दाम घडवली, हे मला पटत नाही. हा आक्षेप योगायोगाच्या आक्षेपापेक्षा फार जड आहे, आणि आपण त्याला फार हलकी उत्तरं देतो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने आपल्या करवीरातली चिखली, आंबेवाडी ही गावं पाण्याखाली घेतली. दावणीची जनावरं गेलेल्या माणसाला 'देवाची योजना होती' म्हणून सांगणं मला क्रूर वाटतं. देवाची योजना आहे असं मी मनापासून मानतो. पण कुणाच्या गोठ्यात पाणी का शिरलं, याचा हिशेब माझ्याकडे दिलेला नाही, आणि तो दिल्यासारखं बोलण्याचा अधिकार पाळकालाही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, त्यांच्याबद्दल प्रभू येशू बोलला. ते इतरांपेक्षा मोठे अपराधी होते, असं समजू नका, म्हणाला. ऐकणाऱ्यांना त्याने पश्चात्ताप करायला सांगितलं. बुरूज त्यांच्यावरच का पडला, हे मात्र त्यानेही सांगितलं नाही.