समुद्राखालचं पेव

(दृश्य: ईझिंग्टनचा किनारा, सकाळ. मातीचे कडे, खाली गढूळ लाटा.)

इंग्लंडचा पूर्व किनारा, यॉर्कशायर. गाव ईझिंग्टन. इथली जमीन भुसभुशीत चिकणमातीची, त्यामुळे समुद्र दरवर्षी दीड-दोन मीटर किनारा खाऊन टाकतो. अशा ढासळत्या काठावर, दगडांचा बांध घालून, गॅसचं एक मोठं टर्मिनल राखलंय. इथून निघालेला पाइप समुद्रतळावरून सुमारे २९ किलोमीटर आत जातो. तिथे पाण्यावर लोखंडी फलाट उभे आहेत. त्या जागेचं नाव रफ.

फलाट दिसतात, पण खरी वस्तू त्यांच्या खाली आहे. समुद्रतळाच्याही खाली, जवळजवळ पावणेतीन किलोमीटरवर.

(दृश्य: हरिपूर. जमिनीतल्या पेवाचं गोल तोंड.)

सांगलीजवळच्या हरिपूरमध्ये व्यापारी हळद जमिनीखालच्या पेवात ठेवत आले. तोंड लिंपून बंद केलं की आत हवा नाही, कीड नाही. भाव चढेपर्यंत माल सुखरूप. २००५ च्या महापुरात यातली बरीच पेवं गेली, पण युक्ती जुनी आणि पक्की. रफ हे गॅसचं पेव. फरक इतकाच, की ते माणसाने खणलेलं नाही.

(दृश्य: कोरी वीट बादलीत बुडते. बुडबुडे.)

‘जमिनीखाली गॅस साठवतात’ म्हटलं की डोळ्यांसमोर गुहा येते. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरला आपण कच्च्या तेलासाठी खडक कोरून तशी दालनं केलीही आहेत. रफमध्ये मात्र पोकळी अशी नाहीच. आहे तो वालुकाश्म, अखंड दगड. पण कोरी वीट पाण्यात टाकली की बुडबुडे निघतात ना? म्हणजे तिच्या कणाकणांत जागा आहे. या दगडाचंही तसंच. खालच्या कोळशाच्या थरांतून वर सरकलेला गॅस त्याच्या छिद्रांत शिरला, आणि वरच्या घट्ट, मीठ असलेल्या थरांनी त्याला अडवून धरलं. कोट्यवधी वर्षं. झाकण गळत नाही याचा याहून मोठा पुरावा कुठला हवा? रिकामी झालेली गॅसक्षेत्रं साठवणीसाठी पसंत करतात ती म्हणूनच. ही युक्ती पहिल्यांदा वापरली गेली १९१५ साली, कॅनडातल्या ओंटारिओमध्ये.

रफचं क्षेत्र १९६८ मध्ये सापडलं, १९७५ पासून गॅस निघू लागला. दहाच वर्षांत, १९८५ मध्ये, त्याचं कोठार झालं. पद्धत सोपी: उन्हाळ्यात मागणी कमी असताना गॅस दाबून आत भरायचा, हिवाळ्यात घरोघरचे हीटर लागले की बाहेर काढायचा.

पण या पेवाची एक गंमत आहे. हळदीचं पेव तळापर्यंत झाडून काढता येतं. हे नाही. गॅस वर येतो तो आतल्या दाबामुळे, म्हणून दाब टिकवायला बराच गॅस कायमचा आतच ठेवावा लागतो. विरजणासाठी थोडं दही राखून ठेवतो तसं म्हणावं, तर इथे ‘थोडं’ हा शब्द बसत नाही. रिकाम्या क्षेत्रांत एकूण गॅसच्या निम्म्याच्या आसपास असा अडकून पडतो. इतकी पुंजी जमिनीत पुरायची, तेव्हा कुठे धंदा सुरू.

(दृश्य: रात्र. फलाटावरचे दिवे, वारा.)

भरात असताना रफमध्ये ३०० कोटी घनमीटरहून जास्त गॅस मावत असे. ब्रिटनच्या सगळ्या साठवणुकीचा हा सुमारे ७० टक्के हिस्सा. एका टोपलीत किती अंडी होती, ते १६ फेब्रुवारी २००६ रोजी कळलं. बाहेर येणाऱ्या गॅसमधलं पाणी काढून तो कोरडा करणाऱ्या यंत्रणेतला एक भाग फुटला, फलाटावर आग लागली. दोन कामगार जखमी झाले. कोठार कित्येक महिने बंद राहिलं, आणि मार्चच्या थंडीत गॅसचे भाव भडकले.

तरी रफ बंद पडलं ते आगीमुळे नाही. गॅस भरण्या-काढण्याच्या विहिरी जुन्या झाल्या होत्या हे खरं; त्यांतून सुरक्षितपणे पुन्हा गॅस भरता येणार नाही असं मालक कंपनी सेंट्रिकाने सांगितलं. पण दुरुस्ती का केली नाही? कारण भाव. पेववाला जगतो तो दोन हंगामांच्या भावांतल्या फरकावर. नॉर्वेहून पाइपने आणि जगभरातून जहाजांनी गॅस येऊ लागला, तसा उन्हाळा-हिवाळ्यातला फरक आटला. जून २०१७ मध्ये कंपनीने साठवण कायमची बंद करत असल्याचं जाहीर केलं. मग आत राखलेली पुंजीही उपसायला सुरुवात झाली. मोडीत काढलेल्या घराचे वासे विकावेत, तशी.

पुढच्याच हिवाळ्यात, १ मार्च २०१८ ला, सैबेरियाकडून आलेल्या थंडीने ब्रिटन गारठलं आणि देशभर गॅस पोहोचवणारं जाळं चालवणाऱ्या नॅशनल ग्रिड कंपनीला गॅस अपुरा पडण्याचा इशारा द्यावा लागला. वेळ निभावली. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपभर गॅसची टंचाई झाली, तेव्हा ‘कायमचं’ बंद झालेलं रफ ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडलं. क्षमता पूर्वीच्या पाचव्या हिश्शाइतकी. पुढच्या वर्षी ती जवळपास दुप्पट केली.

मग भावांतला फरक पुन्हा आटला. गावकीच्या पेवाचं भाडं कोणी द्यायचं, हा वाद तिथे अजून मिटलेला नाही. कंपनी म्हणते, सरकारने किमान उत्पन्नाची हमी द्यावी, आम्ही दोन अब्ज पौंड घालून रफ नव्याने उभारू, पुढे त्यात हायड्रोजनही ठेवता येईल. तोट्यात पेव राखणार नाही, हे व्यापारी म्हणून त्यांचं बरोबरच. पण कडाक्याच्या थंडीत हीटर लावून बसलेल्या म्हातारीला या हिशेबाशी काय देणंघेणं?

(दृश्य: पुन्हा ईझिंग्टन. टर्मिनलचं कुंपण, मागे समुद्र.)

२०२५ चा उन्हाळा. गॅस भरायचा हंगाम. या पाइपमधून रफकडे काहीच गेलं नाही.