ऑस्कर वाइल्डचा वर झालेला हात

पॅरिस, २९ नोव्हेंबर १९००. रू दे बोझार या गल्लीतलं ओतेल दाल्झास. आयरिश लेखक ऑस्कर वाइल्ड शेवटच्या घटका मोजतोय, वाचा गेलीय. त्याला कॅथलिक चर्चमध्ये घ्यावं म्हणून त्याचा मित्र रॉबर्ट रॉस कॅथलिक धर्मगुरू फादर कथबर्ट डन यांना घेऊन आला. तुला काही कळतंय का, असं रॉसनं विचारलं तेव्हा वाइल्डनं हात वर केला. लहानपणी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा, म्हणजे पाणी ओतून ख्रिस्ती करून घेण्याचा संस्कार, झालेला. तो एकदाच होतो. म्हणून फादरांनी ‘तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर’ असे शब्द जोडून सशर्त बाप्तिस्मा दिला. पवित्र तेल लावलं. ख्रिस्तप्रसाद मात्र देता आला नाही. तो अर्धवट शुद्धीत होता. दुसऱ्या दिवशी तो गेला.

एवढा एक वर झालेला हात संमती म्हणून पुरेसा धरायचा?

प्रौढ माणसाला त्याच्या इच्छेशिवाय बाप्तिस्मा देता येत नाही. कॅनन लॉ म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदा; त्याच्या १९८३च्या संहितेतलं कलम ८६५ मरणासन्न माणसाला शिकवणीत सवलत देतं: श्रद्धेच्या मुख्य सत्यांची थोडीफार ओळख हवी, आज्ञा पाळण्याचं वचन हवं. इच्छा त्यानं कोणत्याही प्रकारे दाखवली तरी चालते, पण ती दाखवायलाच हवी. सवलत आहे ती तयारीत. संमतीत नाही.

आणि शुद्धच हरपली असेल तर? १२०१ साली पोप तिसरे इनोसंट यांनी फ्रान्समधल्या आर्लच्या आर्चबिशपांना लिहिलं होतं: झोपेतल्या किंवा भ्रमिष्ट माणसाचं आधीचं म्हणणं बघा. भानावर असताना तो ठाम नाही म्हणत आला असेल, तर पाणी ओतूनही संस्कार घडत नाही.

वाइल्डचं आधीचं म्हणणं माहीत आहे. १८९७ मध्ये तुरुंगातून सुटला त्याच दिवशी त्यानं लंडनच्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांकडे प्रार्थना-चिंतनासाठी सहा महिन्यांचा एकांतवास मागितला. नकार आला, तेव्हा तो ढसाढसा रडला. माझ्या मते त्या हाताला वजन आहे ते या रडण्यामुळे. नुसत्या हातावर मी विसंबलो नसतो.

हे इतकं काटेकोर का? कारण अडीअडचणीला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं: नर्स, शेजारी, अगदी स्वतः बाप्तिस्मा न घेतलेला माणूसही. मदर तेरेसांच्या संस्थेवर त्याच संस्थेतल्या एका माजी सिस्टरनं आरोप केला होता, की कपाळावर ओलं फडकं ठेवायच्या निमित्तानं मरणाऱ्यांना गुपचूप बाप्तिस्मा दिला जाई. तसं घडलं असेल, तर ते चर्चच्या स्वतःच्याच कायद्याविरुद्ध होतं. खाटेवरच्या माणसाला काय चाललंय ते समजेल अशा भाषेत विचारलं पाहिजे, आणि त्यानं मान फिरवली तर पाण्याचं भांडं बाजूला ठेवलं पाहिजे.