मदनावरचं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्यापैकी बरेच जण कळसूबाईवर जाऊन आले असतील. १६४६ मीटर उंचीचं आपल्या महाराष्ट्राचं ते सर्वांत उंच शिखर. वरच्या देवळापाशी उभं राहून मावळतीकडे बघितलं की तीन ताशीव कातळमाथे दिसतात. आधी अलंग, मग मदन, मग कुलंग. पाठीवर तीन दिवसांचं बिऱ्हाड घ्यायचं, एका किल्ल्यावरून दोराने उतरायचं, कड्याच्या पोटातून आडवं जायचं आणि दुसऱ्यावर दोराने चढायचं. ही सलग चाल सह्याद्रीतल्या अवघड चालींपैकी एक. हल्ली तिचं तीन इंग्रजी अक्षरांत लघुरूप करतात. मला ते रुचत नाही. किल्ल्यांची नावं पूर्ण घ्यावीत. माणसाला आपण आद्याक्षरांनी हाक मारतो का?

या चालीची आखणी कशी करायची, ते आज सांगायचं आहे. आणि आखणी म्हटलं की मला आंबेवाडीतली एक ओसरी आठवते.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. आम्ही आठ जण घोटीहून पुढे आंबेवाडीला पोहोचलो. आमचे वाटाडे, त्यांना सगळे मामा म्हणत, ओसरीवर दोरी वळत बसले होते. मी वही उघडली. पहिला मुक्काम अलंगच्या गुहेत, दुसरा मदनच्या गुहेत, तिसरा कुलंगवर. कोण किती दोर घेणार, कुठे किती वाजता पोहोचायचं, सगळं वहीत मांडलेलं. मामांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मदनावरचं पाणी कव्हा पाह्यलं व्हतं?"

मी म्हणालो, "नोव्हेंबरात. कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं भरलेलं होतं."

मामा पुढे काही बोलले नाहीत. आत गेले आणि गोड्या तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा घेऊन आले. त्याच्या कानाला दोरी बांधली आणि डबा खांद्याला अडकवला.

पहिला दिवस छान गेला. अलंगवर पाण्याची टाकी आहेत, गुहा आहे, झोप लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मामांनी तो डबा टाक्यावर बुडवून गच्च भरला. आमच्यातला एक जण म्हणाला, "मामा, कशाला ओझं? संध्याकाळी मदनवर पाणी आहे की." मामांनी झाकण पिळून घट्ट केलं आणि चालू लागले. अलंगचा कडा दोराने उतरतानाही डबा त्यांनी स्वतःच सोडला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. खिंडीतून मदनच्या कातळकोरीव पायऱ्यांवर आलो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि पायरी जेमतेम पाऊल मावेल एवढी. मग पायऱ्या संपतात आणि चाळीस-पन्नास फुटांचा सरळ कातळ समोर येतो. इथल्या पायऱ्या १८१८ साली इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या. त्या कातळावर आम्हा आठ जणांचे जवळजवळ दोन तास गेले.

पाच वाजता टाक्यापाशी पोहोचलो. टाक्याच्या तळाशी भेगाळलेला चिखल होता. कोपऱ्यात वीतभर हिरवं पाणी आणि त्यात पारव्याची पिसं. मी काठावर उभा राहून बघतच राहिलो.

श्रोतेहो, त्या घटकेला आम्ही एक बरोबर गोष्ट केली. सगळ्यांनी आपापल्या बाटल्या गुहेत आणून एका ओळीत ठेवल्या. कुणीही घोटभरसुद्धा मागे ठेवलं नाही. सगळं मोजलं तर सहा लिटर भरलं, आणि मामांच्या डब्यातलं पाच. अकरा लिटर पाणी, नऊ माणसं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची वाट. उतरून जावं असंही एकाने सुचवलं. मामा म्हणाले, "अंधारात कडा उतरायचा न्हाई. तहानेनं रात काढता येती." खिचडीचा शिधा तसाच बांधून ठेवला. चपाती, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पाणी स्टीलच्या पेल्याने वाटलं. झोपताना प्रत्येकी एक पेला, पहाटे एक, आणि उरलेलं उतरताना. रात्री वारा सुटला. एकाच्या पोटऱ्यांत गोळे आले, तेव्हा मामांनी आपल्या वाटणीचा पेला त्याच्या तोंडाला लावला.

सकाळी खिंडीत उतरलो आणि खालच्या रानात शिरलो. एका कोरड्या ओहळात, जांभळीच्या मुळाशी, मामांनी हातांनी वाळू उपसली. कोपरभर खड्डा झाल्यावर तळाला ओल दिसली, मग वाटीभर गढूळ पाणी साचलं. ते त्यांनी काढून टाकलं. पुन्हा साचलं, तेही टाकलं. तिसऱ्या खेपेला पाणी निवळ आलं. उपरण्यातून गाळून बाटल्या भरायला दीड तास लागला. आता कुलंग चढायला घेतला असता तर वाटेतच अंधार पडला असता. म्हणून कुलंग सोडला आणि गावात उतरलो. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. पण निर्णय बरोबर होता.

तेव्हापासून माझ्या वहीत वाटेच्या आधी पाणी येतं. पुढचं पाणी कुठे, आणि ते शेवटचं कुणी, कधी बघितलं? पुन्हा सांगतो, पुढचं पाणी कुठे, आणि ते शेवटचं कुणी, कधी बघितलं? दिवाळीतलं पाणी शिमग्याला धरून चालत नाही. निघायच्या आदल्या दिवशी गावात फोन करून विचारायचं. चालताना आणि रांधायला मिळून माणशी दिवसाला चार लिटर धरा. एका लिटरचं वजन एक किलो, म्हणजे पाठीवर आणखी चार किलो. तेवढं वजन दुसरीकडे कमी करायचं, पाण्यात नाही. आणि टाक्यात उतरून आंघोळ करणाऱ्यांना अडवा, श्रोतेहो, हात जोडून अडवा. मागून येणाऱ्याचं ते पिण्याचं पाणी असतं.

दुसरी गोष्ट, दोरापाशी लागणारी रांग. अवघड कातळावर एका माणसाला सॅकसकट दहा ते पंधरा मिनिटं लागतात. आठ जण म्हणजे दोन तास, तीस जण म्हणजे सगळा दिवस. हिवाळ्यात सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो, तेव्हा शेवटचा माणूस चार वाजता वर हवा. म्हणून दहाच्या वर माणसं नेऊच नयेत. कातळ चढता येणारे, दोर सांभाळणारे निदान दोघं तरी जाणते हवेत. दोर नसलेल्या घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मातीच्या निसरड्या उतारावर, दोन हात, दोन पाय यांतले तीन कायम पक्के आणि एकच हलता. कारवीच्या झुडपाला धरून तोल सावरू नका, वाळलेली कारवी मुळासकट हातात येते. आग्या मोहोळं कड्यांवर असतात, तिथे धूर नको, अत्तर नको, आरडाओरड नको.

आणि प्रत्येक दिवशी मधूनच खाली उतरायची वाट कोणती, ते घरी लिहून ठेवून जा. आपली माणसं काळजीत असतात. त्यांना गावाचं नाव आणि परतीची वेळ माहीत असणं हा त्यांचा हक्क आहे.

पुढच्या वर्षी डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो, तेच आठ जण आणि मामा. या वेळी कुलंगवर पोहोचलो. तिथे टाक्यांचा समूहच आहे. माथ्याच्या दुसऱ्या टोकाला दोन टेकाडांमधल्या घळीत दगडी भिंत घालून पाणी अडवलेलं आहे आणि भिंतीत गोमुख आहे. मामा टाक्याच्या काठावर गुडघे टेकून बसले. आधी पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला, मग ओंजळीने प्यायले, आणि तेलाचा तोच डबा भरायला घेतला.

नमस्कार.