खून कुठे झाला?

(दृश्य: ओहोटीची ओली वाळू. पलीकडे छोटं बेट, त्यावर पांढरं हॉटेल.)

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डेव्हनमध्ये, बर्ग नावाचं एक चिमुकलं बेट आहे. ओहोटी असली की समोरच्या बिगबरी-ऑन-सी गावातून वाळू तुडवत चालत तिथे जाता येतं. भरती लागली की वाळूच्या त्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी लाटा येतात आणि मधोमध एकमेकींना भिडतात. मग एक उंच ट्रॅक्टर ये-जा करतो. त्याची चाकं समुद्राच्या तळावर, आणि उतारू वर फलाटावर, पाण्याच्या बरेच वर. अगाथा ख्रिस्ती इथे येऊन राहिल्या होत्या. १९३९ आणि १९४१ साली आलेल्या त्यांच्या दोन कादंबऱ्यांतली बेटं या बेटावरूनच सुचलेली.

बंदिस्त रहस्यकथेची अर्धी यंत्रणा या वाळूत आहे. भरतीच्या वेळी बेटावर जितकी माणसं, तितकेच संशयित. बाहेरून कोणी आलं नाही, आतून कोणी गेलं नाही, हे वाचकाला पटवत बसावं लागत नाही. तेवढी साक्ष समुद्र देतो.

गुन्ह्याची कादंबरी हातात घेतली की मी आधी हेच बघतो. खून कोणी केला, का केला, हे कळेलच. पण तो झाला कुठे? त्या गावात लोक कामाला कुठून जातात, रात्री शेवटची गाडी कितीची, कोणाच्या खिडकीतून कोणाचं दार दिसतं? लेखकाला हे ठाऊक असेल तर मी त्याच्यामागे कुठेही जायला तयार आहे.

एडगर ॲलन पो यांची १८४१ची पॅरिसमधली कथा आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात मानली जाते. पो यांनी पॅरिस कधी पाहिलंच नव्हतं, आणि कथेतला रस्ताही कल्पनेतला. तर्काचा खेळ म्हणून ती आजही तल्लख वाटते. पण त्या रस्त्यावर कोणी राहत असेल असं मला कधी जाणवलं नाही. जॉर्ज सिमेनन यांचं पॅरिस उघडावं, मग फरक कळतो. त्यांचा इन्स्पेक्टर मेग्रे पुरावे गोळा करत धावत नाही. तो मेलेल्या माणसाच्या घरी जातो, त्याच्या खुर्चीत बसतो, शेजाऱ्यांचं ऐकतो, पाऊस थांबायची वाट पाहतो. असं करत करत पंचाहत्तर कादंबऱ्या. सेन नदीकाठच्या ज्या कचेरीत तो बसायचा, तिथून पॅरिसच्या गुन्हे शाखेनं २०१७ साली मुक्काम हलवला. इमारत मात्र जागच्या जागी आहे, आणि वाचक अजूनही तिच्यासमोर थबकतात.

काही कादंबऱ्या मी निम्म्यावर सोडून देतो, तेही सांगतो. पहिल्या पानावर एका बाईचं प्रेत, त्याचं रसभरीत वर्णन, आणि पुढच्या तीनशे पानांत तिचं नाव जेमतेम दोनदा. बाकी सगळा मजकूर खुन्याच्या हुशारीचा. अशा पुस्तकात त्या बाईला घर नसतं, रस्ता नसतो, ओळखीचं कोणी नसतं. मला ते सहन होत नाही.

(दृश्य: कोपनहेगन, नोव्हेंबरचा पाऊस, गाडीच्या काचेवरून.)

टीव्हीवर याला सर्वांत चोख उत्तर दिलं ते २००७ सालच्या एका डॅनिश मालिकेनं. जगभर ती ‘द किलिंग’ म्हणून ओळखली गेली. एका एकोणीस वर्षांच्या मुलीचा खून. तपासाचे वीस दिवस, त्यासाठी वीस भाग. पोलिस आहेत, शहराचं राजकारण आहे, पण माझं लक्ष सतत तिच्या आईवडिलांकडे जायचं. त्यांचा सामान हलवून देण्याचा धंदा. मुलगी गेली तरी गाड्या उभ्या आहेत, कामगार विचारायला येतात, धाकट्या मुलांना काहीतरी सांगावं लागतं. एका तासात गुन्हेगार पकडून देणाऱ्या मालिकांना हे दाखवायला सवडच नसते. म्हणून एक मालिका, एक गुन्हा, हा प्रकार मला मनापासून आवडतो. दुःखाला वेळ मिळतो आणि त्या वेळात शहरही कळत जातं.

मालिका पुस्तकाचा रंग बदलतात, हेही खरं. कॉलिन डेक्स्टर यांच्या कादंबऱ्यांतला ऑक्सफर्डचा इन्स्पेक्टर मोर्स सुरुवातीला लँचिया चालवायचा. १९८७ साली मालिका सुरू झाली, मोर्सच्या भूमिकेतले जॉन थॉ लाल जॅग्वारमध्ये बसले, आणि मग डेक्स्टर यांनी पुस्तकातही जॅग्वारच आणली. मला यात काही वावगं वाटत नाही. गाडी बदलली तरी ऑक्सफर्ड तेच राहिलं. पण जागाच बदलली तर?

(दृश्य: सिसिली. उन्हातली पिवळ्या दगडाची घरं, रिकामा चौक.)

आंद्रेआ कामिलेरी यांच्या इन्स्पेक्टर मोंतालबानोचं गाव विगाता. नकाशात ते सापडणार नाही, पण लेखकाच्या मनात होतं त्यांचं जन्मगाव, पोर्तो एम्पेदोक्ले. सिसिलीच्या खाणींतलं गंधक एके काळी जहाजांवर चढायचं ते या बंदरातून. जवळच अग्रिजेंतोची ग्रीक मंदिरं. बंदराचं गाव म्हटलं की मालाची उलाढाल आली, येणारे-जाणारे आले, आणि त्यांच्या मागोमाग भानगडीही.

१९९९ पासून मालिका आली, ती मात्र चित्रित झाली शंभर किलोमीटरहून जास्त दूर, रागूझा भागात. १६९३च्या भूकंपानंतर नव्यानं उभारलेली तिथली बरोक शहरं अप्रतिम आहेत. २००२ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशात घेतलं. शिक्ली गावाची नगरपालिका मालिकेत पोलिस ठाणं झाली. पुंता सेक्काच्या किनाऱ्यावरचं एक घर मोंतालबानोचं घर झालं. आणि जगभरातले पर्यटक तिकडे लोटले. इकडे पोर्तो एम्पेदोक्लेनं २००३ साली आपल्या अधिकृत नावापुढे विगाता जोडलं. काही वर्षांनी ते काढूनही टाकलं.

मालिकेतले रस्ते जरा लक्ष देऊन पाहा. बहुतेक वेळा ओस. डोळ्यांना फार सुंदर दिसतात, पण भर दुपारी गोळी सुटली तर पाहणारं कोणी नाही. कादंबरीत असं होत नाही. तिथे कोणीतरी बाल्कनीत असतं, आणि पाहूनही न पाहिल्यासारखं करतं. खरं सिसिली मला त्या बाल्कनीत दिसतं. म्हणून वेळ असेल तर दोन्ही किनारे करावेत. नसेल तर मी बंदराचं गाव निवडेन, जरी तिथे छायाचित्रं कमी सुंदर येतील.

(दृश्य: लंडन. व्हाइटचॅपल, संध्याकाळ, गाइडमागे चाललेला घोळका.)

असल्या सहली मला आवडतात, पण एका सहलीला मी जाणार नाही. पूर्व लंडनमध्ये रोज संध्याकाळी १८८८ सालच्या खुनांची सफर निघते. त्या खुन्याचं टोपणनाव जगाला पाठ आहे. ज्यांचे जीव गेले त्या मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज आणि मेरी जेन केली. ही नावं कितीजणांना सांगता येतील? २०१५ साली तिथल्या केबल स्ट्रीटवर, स्त्रियांच्या इतिहासाचं संग्रहालय होणार म्हणून परवानगी घेतलेल्या इमारतीत, या खुन्याचं संग्रहालय उघडलं. लोक निदर्शनं करायला रस्त्यावर उतरले, आणि बरोबर केलं त्यांनी. कल्पनेतल्या खुनाची जागा बघताना आपण लेखकाची करामत बघतो. खऱ्या खुनाच्या जागी उभं राहून अंगावर शहारे आणून घेणं मला अमानुष वाटतं.

(दृश्य: जैसलमेर, सकाळचं ऊन, किल्ल्यातल्या गल्लीत वाळत घातलेले कपडे.)

आपल्याकडे प्रवास आणि रहस्य यांची सर्वांत देखणी जोडी जमवली ती सत्यजित राय यांनी. त्यांचा गुप्तहेर फेलूदा सुटीत कुठेतरी निघतो आणि प्रकरण त्याच्यासमोर येऊन उभं राहतं. मूर्तिचोरांचा माग काढत तो वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंतही येतो. पण लोकांच्या मनात बसला तो जैसलमेरचा किल्ला. १९७१ साली कादंबरी आली, १९७४ साली रायांनीच तिचा चित्रपट केला, आणि सोनेरी किल्ला बघायला बंगालमधून माणसं निघाली. ती आजही निघतात.

या किल्ल्यात आजही काही हजार लोक राहतात, आणि तो पाण्यामुळे खचतो आहे. वाळवंटातल्या मोजक्या पाण्याच्या हिशेबानं तो बांधलेला. नळ आले, आत हॉटेलं आली, सांडपाणी पायाखालच्या मातीत मुरू लागलं आणि बुरूज ढासळले. तेव्हा जायचं असेल तर जरूर जा, पुस्तक सोबत न्या, पण मुक्काम किल्ल्याबाहेर करा. सकाळी लवकर पायी वर चढा. दुकानं उघडायच्या आधी तासभर तरी गल्ल्यांमधून हिंडा. कोणत्या दारातून कोणतं दार दिसतं, ते तेव्हाच नीट कळतं.