काट्यावरची करडं

बार्शी तालुका, सकाळची वेळ. डालगं उचललं की आधी कान दिसतात, मग सगळी करडं एकदमच बाहेर. आज मात्र त्यांना आयांकडे सोडायचं नाही. आधी वजन.

शेडच्या वाशाला टांगलेला हा ताणकाटा. खाली पोत्याची झोळी, तिला पायांसाठी चार भोकं. करडू पोटाखाली हात घालून उचलायचं, पाय भोकांतून सोडायचे आणि त्याची धडपड थांबेपर्यंत थांबायचं. घाई केली तर किलो-अर्धा किलोचा फरक सहज पडतो. पाजण्याआधीच वजन का? पोटात गेलेलं दूधही काट्यावर येतं, म्हणून. आणि वय सगळ्यांचं सारखं, ९० दिवसांचं. त्याच सुमारास इथे दूध तोडतात.

(करडांचा आवाज. काट्याचा क्लोजअप.)

आता वही बघा. आईचा बिल्ला, वेत कितवं, एकटं की जुळं, पाट (मादी करडू) की बोकड, आणि शेवटी वजन. पहिलटकरणीला दूध कमी असतं. जुळ्यातलं करडू एकट्यापेक्षा हलकं भरतं, पाट बोकडापेक्षा. हे रकाने नसतील तर एकुलता बोकड पाहून त्याच्या आईचं कौतुक होतं आणि जुळी वाढवणारी मागे पडते.

ती मागे पडणारी म्हणजे ही. काळीभोर, लोंबत्या कानांची उस्मानाबादी. पूर्ण वाढलेली मादी साधारण ३० ते ३२ किलोची. रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये पंजाबची बीटल आहे, उंच, भरदार. जिल्ह्यात सध्या सगळ्यांचे डोळे तिच्याकडेच लागलेत, आणि कॅमेऱ्यात तीच जास्त शोभते, हेही खरं.

पण वही वेगळं विचारते: आईच्या एका किलोमागे करडाचं किती वजन हाती आलं? समजा ४५ किलोच्या शेळीनं १२ किलोचं एक करडू दिलं. ३० किलोच्या शेळीनं आठ-आठ किलोची दोन. मोठीच्या शंभर किलोमागे २७ किलो करडू, लहानीच्या शंभरामागे ५३. मोठी शेळी दीडपट चारा खात नाही, साधारण तिसरा हिस्साच जास्त खाते. तरी तो तिसरा हिस्सा बारा महिने द्यावा लागतो, ती दुधात असो वा भाकड. सोलापूरच्या उन्हाळ्यात बांधावरची शेवरी-सुबाभूळ संपली की तोच चारा विकत घ्यावा लागतो. मोठ्या शेळीला जुळी होतच नाहीत असं नाही. झाली तर हिशोब फिरतो. म्हणूनच जात बघून ठरवू नका, वही बघून ठरवा.

अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गाईंच्या कळपांत हाच वाद आहे. तिथे वासराचं वजन २०५ दिवसांच्या वयाला जुळवून आईच्या वजनाशी ताडतात. गेल्या काही दशकांत गाई थोराड होत गेल्या, वासरं त्या मानानं वाढली नाहीत. त्यांच्या गाई आपल्या कामाच्या नाहीत. हिशोबाची रीत तेवढी घेण्यासारखी.

पुन्हा दावणीवर. या शेळीची पाठ चाचपून बघतायत, कमरेची हाडं हाताला लागतात का ते. दोन करडं पाजून आई खंगली असेल तर ती लवकर माजावर येत नाही. दोन वर्षांत तीन वेतं हे गणित तिथेच मोडतं. म्हणून विण्याआधीच्या महिन्यात आणि पाजत्या काळात मक्याचा भरडा आणि तुरीचं भुसकट तिला आधी, बाकीच्यांना मागून. करडांनाही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून कोवळा पाला समोर ठेवायचा, म्हणजे दूध तोडल्यावर वजन घटत नाही.

सांगोल्याचा बाजार. इथे बरेच सौदे नगावर होतात आणि उंच जनावराला दोन पैसे जास्त मिळतात. वहीतली शेळी इथे हरते.

जुळ्यातली पाट ठेवून घ्यायचं ठरलंय. तिचा भाऊ बकरी ईदपर्यंत राहील, मका परवडला तर.